भिंतीचा पाय

ऑस्ट्रेलियातल्या बेनाला गावात, एका गल्लीत माझा मामा भिंतीपुढे उकिडवा बसला होता. भिंतीवर एका बाईचा दोन मजले उंच चेहरा होता आणि तो अख्खा मावावा म्हणून मी फोन उभा-आडवा करत मागे मागे सरकत होते. मामाची नजर मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिथं रंगाचा पोपडा सुटून विटेपासून अलग झाला होता. त्यामागे त्यानं बोट घातलं, तेव्हा बोटाला पांढरी भुकटी लागली.

"लोणा लागलाय," तो म्हणाला. "खालनं ओल चढतीय. भिंतीचा पाय कुणी बघितलाच न्हाई."

मामा चाळीस वर्षं पेंटर होता. तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या, खताच्या आणि सिमेंटच्या जाहिराती, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, हे सगळं त्याच्या हातचं. भिंत घासायची, खाचाखोचांत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा, सूत मारून ओळी आखायच्या आणि मग अक्षर. फ्लेक्स आलं आणि बघता बघता तो धंदा बसला. मेलबर्नला तो माझ्याकडे दोन महिने राहायला आला, तेव्हा त्याला समुद्र आणि पेंग्विन दाखवून झाले. मग वाटलं, याला रंगवलेल्या भिंती दाखवाव्यात. म्हणून एका शनिवारी पहाटे आम्ही निघालो.

बेनाला मेलबर्नच्या ईशान्येला सुमारे २०० किलोमीटरवर, ब्रोकन नदीच्या काठी आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. गुलाबांच्या बागांसाठी हे गाव आधीपासून ओळखलं जायचं. २०१५ साली इथं 'वॉल टू वॉल' नावाचा चित्रमहोत्सव भरला आणि पुढची काही वर्षं भरत राहिला. ऑस्ट्रेलियातले आणि बाहेरचेही नामांकित भित्तिचित्रकार इथं आले. दुकानांच्या पाठीमागच्या, पार्किंगच्या कडेच्या, कुणी ढुंकून न बघणाऱ्या भिंती त्यांनी रंगवल्या. ह्यूम हायवे गावाला वळसा घालून जातो. अशा ठिकाणी गाडी वळवायला कारण लागतं, आणि ते कारण या भिंतींनी दिलं. आम्हीही त्याच कारणानं वळलो होतो. त्यामुळे या चित्रांनी गावाचं काही भलं झालं नाही, असं मी म्हणणार नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातली लहान गावं आज सार्वजनिक कलेसाठी झटतात ती मुख्यतः पाहुण्यांना डोळ्यासमोर ठेवून. किती लोक आले, किती फोटो निघाले, कॅफेत किती कप कॉफी खपली, या मापानं चित्राचं यश मोजलं जातं. या मापात गावातल्या माणसाचा हिशेब कुठंच येत नाही. ती भिंत रोज बघणारा तो, ओल चढली की ती सोसणाराही तोच. म्हणून सार्वजनिक पैसा जिथं लागतो, तिथं पहिला प्रश्न 'काय रंगवायचं' हा नसावा. कुणाला विचारलं, कुणाचे हात लागले आणि चित्रकार निघून गेल्यावर कोण बघणार, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत.

हे मी मामाच्या वतीनंही लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या गावात स्वच्छतेच्या मोहिमेत शहरभर भिंती रंगवल्या गेल्या. चौरस फुटाचा दर ठरला, ठेका बाहेरच्या कुणाला गेला. गावात मामासारखे सात-आठ पेंटर हाताला काम नसलेले घरी बसून होते. त्यांना कुणी बोलावलं नाही. भिंतींवर एकच ठसा वापरून वारली उठली: तारपा, फेर धरलेली माणसं, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक सवाष्णी लिहितात, गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं. त्या चौकात पालघाट देवी असते आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. ज्या चित्राला इतका अर्थ, ते बसस्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर चौरस फुटाच्या दरानं आलं. आणि दोन पावसाळ्यांत गेलंही. मामा त्या भिंतीवरून रोज दूध आणायला जायचा. तो म्हणतो, "आम्हाला पैशे नसतं दिलं तरी चाललं असतं. निदान भिंत घासा म्हणून सांगायला तरी बोलवायचं."

बेनालाहून उत्तरेला निघालं की सरळ सपाट रस्ता लागतो आणि त्याच्या सोबतीनं ओकलंड्सकडे जाणारी रेल्वेची जुनी फाटा लाइन. या लाइनवर गुरॅम्बॅट, डेव्हनिश, सेंट जेम्स, टंगामा अशी चिमुकली गावं ओळीनं येतात आणि प्रत्येकाची खूण म्हणजे धान्याचे सायलो. सिमेंटच्या अवाढव्य कणग्याच त्या. गहू पोत्यांतून जायचा बंद होऊन सुटा भरला जाऊ लागला, तेव्हा व्हिक्टोरिया या इथल्या राज्यात १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून रेल्वेकाठी त्या उभ्या राहिल्या. पुढे मोठे ट्रक आले, साठवण मोजक्या मोठ्या केंद्रांवर गेली आणि अनेक गावांत या कणग्या रिकाम्या उरल्या. सपाट मुलखात मैलोन् मैल दिसणारा असा कोरा पृष्ठभाग चित्रकाराच्या नजरेतून सुटता ना. २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात नॉर्दमला सायलो रंगले. नंतर व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला ब्रिम नावाच्या अगदी लहानशा गावात ग्विडो व्हान हेल्टननं चार शेतकरी रंगवले आणि २०१६च्या जानेवारीत ते काम पुरं झालं. त्यानंतर देशभर लाटच आली.

गुरॅम्बॅटला आम्ही गाडीतून उतरलो आणि मामा पहिल्यांदाच गप्प झाला. जिमी डीव्हेटनं २०१८ मध्ये तिथं एक घुबड रंगवलं आहे: बार्किंग आउल, कुत्र्यासारखं भुंकणारं. व्हिक्टोरियात ते आता धोक्यात आलेलं आहे. शेजारच्या सायलोवर नंतर रंगवलेले क्लाइड्सडेल जातीचे भारदस्त घोडे आहेत. ट्रॅक्टर येण्याआधी या जमिनी नांगरल्या त्या असल्या घोड्यांनी. मामानं वर बघून हिशेब मांडला: गोल भिंतीवर डोळा गोल कसा राखला असेल, बूम लिफ्टमध्ये उभं राहून एवढ्या जवळून माप कसं धरलं असेल. "लई कसबी माणूस," तो म्हणाला, आणि पेंटरच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी येत नाही.

या घुबडापाशी मला माझाच मुद्दा पुन्हा तपासून घ्यावा लागला. डीव्हेट काही गुरॅम्बॅटचा नाही. पण त्यानं जे रंगवलं ते गावाला आपण होऊन सुचलं असतं का, याची मला शंका वाटते. या घुबडाला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि इथली जुनी झाडं तुटली ती शेतीसाठी, याच गव्हासाठी. ज्या गव्हाच्या पिकानं त्याचं घर गेलं, त्याच गव्हाच्या कणगीवर ते घुबड आता डोळे रोखून बसलं आहे. तरीही गावानं ते आपलंसं केलं. घोड्यांची कौतुकाची आठवण आणि घुबडाचा नि:शब्द जाब, दोन्ही एकाच रांगेत उभे आहेत. बाहेरचा माणूस असा कामी येतो. गावाला आपल्याविषयी जे बोलवत नाही, ते तो दाखवू शकतो. त्यासाठी त्याला गाव आणि त्याच्या अवतीभवतीचं रान आधी नीट बघावं लागतं. वायव्य व्हिक्टोरियात शीप हिल्सच्या सायलोवर ॲडनेटनं आदिवासी समाजातले ज्येष्ठ आणि मुलं रंगवली, ती बरेंगी गजिन लँड काउन्सिल या तिथल्या आदिवासींच्या संस्थेतल्या मंडळींशी नातं जोडून. तिथल्या आदिवासींचे चेहरे त्यांच्याच भूमीवर, त्यांच्या संमतीनं एवढे उंच उभे राहणं ही त्या मुलखात साधी गोष्ट नाही. मामाच्या गावातल्या वारलीपाशी मला हेच आठवत राहतं.

म्हणजे बाहेरचा की गावचा, एवढ्यावर निवाडा होत नाही. सेंट जेम्सचे सायलो टिम बोटेल या बेनालाच्याच चित्रकारानं रंगवले आहेत, आणि तिथं माझी उलट अडचण झाली. एका चित्रात गव्हाची पोती लादलेली घोड्यांची गाडी आहे. दुसऱ्यात जॉर्ज कोल्स. याच गावात त्यांच्या वडिलांचं दुकान होतं, तिथं ते धंदा शिकले आणि १९१४ साली मेलबर्नच्या कॉलिंगवुडमध्ये त्यांनी आपलं दुकान काढलं. पुढे त्याची साखळी झाली. आज ऑस्ट्रेलियातला किराणा बहुतांशी दोन कंपन्यांच्या हातात आहे आणि कोल्स ही त्यातली एक. २०२४च्या सप्टेंबरमध्ये इथल्या ग्राहक आयोगानं या दोन्ही कंपन्यांना सवलतींच्या दिशाभुलीवरून कोर्टात खेचलं. आपल्या मालाला काय भाव मिळतो याची ओरड शेतकरीही वर्षानुवर्षं करत आले आहेत. चित्रात मात्र गावचा कर्तबगार सुपुत्र आहे आणि भरलेली पोती आहेत. त्या सुपुत्राच्या दुकानानं पुढे पोतीवाल्याचं काय केलं, हा अर्धा भाग सायलोवर नाही. हात उत्तम आहे, चित्र देखणं आहे. पण गावानं स्वतःला फक्त अभिमानाच्या गोष्टी सांगायच्या ठरवल्या की गावचा चित्रकारही काही करू शकत नाही. म्हणून 'विचारलं' म्हणजे समितीत हात वर करून घेतले, एवढंच मला पुरत नाही. विचारण्यात वाद व्हायला हवा, आणि वादाला वेळ द्यायला हवा.

डेव्हनिशच्या सायलोवर पहिल्या महायुद्धातली परिचारिका आणि आजच्या सैन्यातली वैद्यकीय जवान शेजारी शेजारी उभ्या आहेत. कॅम स्केलचं हे काम २०१८च्या ॲन्झॅक दिनी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, खुलं झालं. एवढ्याशा परिसरातून सुमारे ५० तरुण-तरुणी त्या युद्धात गेले होते. तिथं आम्ही फार थांबलो नाही, ऊन चढलं होतं.

परतीच्या वाटेवर मी मामाला इथला कायदा सांगितला. ऑस्ट्रेलियाच्या कॉपीराइट कायद्यात २००० साली कलावंताच्या नैतिक हक्कांची भर पडली. चित्राखाली नाव हवं, चित्राची विटंबना होता कामा नये. मालकाला चित्र असलेली इमारत पाडायची असेल, तर आधी चित्रकाराचा शोध घेऊन त्याला कळवावं आणि चित्राची नोंद करून घेण्याची संधी द्यावी, अशी तजवीज आहे. मामाला हे ऐकून खरंच बरं वाटलं. त्यानं रंगवलेल्या शेकडो पाट्यांपैकी एकीवरही त्याचं नाव धड राहिलं नव्हतं. पण मग त्यानंच विचारलं, "आन् गावाला काय?" गावाला काही नाही. वीस वर्षं ती भिंत बघून शाळेत गेलेल्या पोराला कुणी नोटीस देत नाही. त्याचा त्या चित्रावर कायद्यानं कसलाच हक्क नाही. हक्क नसेल तिथं निदान काम तरी वाटून द्यायला हवं. ज्याचा हात लागला, तो माणूस भिंतीची चौकशी करतो.

याचा पुरावा बेनालातच आहे, आणि नकाशा घेऊन हिंडणारे पाहुणे बहुधा तो शेवटी बघतात. तळ्याच्या एका काठाला १९७५ पासूनचं बेनाला आर्ट गॅलरीचं घर पाण्यावर झेपावलेलं आहे. त्याच्या समोरच्या काठावर सिरॅमिक म्युरल आहे. गावकऱ्यांनी १९८३ मध्ये ते करायला घेतलं. स्पेनच्या अंतोनी गाउदीच्या वास्तूंवरून सुचलेलं हे काम. म्युरल म्हटलं की सपाट भिंत डोळ्यापुढे येते, पण इथं वळत जाणाऱ्या भिंती, उंचवटे आणि खांब आहेत, आणि सगळं भाजलेल्या मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं. त्यावर बसता येतं, चढता येतं, पोरं धावत वरून जातात.

मामानं तिथं चप्पल काढली. मला आधी वाटलं, देवळासारखं वाटलं असेल. पण त्याला पायाला लागतं कसं ते बघायचं होतं. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, माती दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती. तो एका वळणावर बसला आणि तळहात तुकड्यांवरून हळूहळू फिरवू लागला. एके ठिकाणी थांबला. "हितं बघ." हिरव्या झिलईच्या चार-पाच तुकड्यांत एक तुकडा किंचित निळसर होता, आणि भोवतीचा चुना बाकीच्यापेक्षा पांढरा. मूळचा तुकडा फुटला किंवा निघाला असणार आणि कुणीतरी नवा भाजून बसवला होता. झिलईचा रंग जुळलेला नव्हता. पण कडा घासून बसवल्या होत्या, बोटाला टोचत नव्हत्या. "ह्याचा पाय बघणारा कुणीतरी हाय," मामा म्हणाला.

एक सत्तरीतल्या बाई कुत्रा घेऊन फिरायला आल्या होत्या. आम्ही खाली वाकून काय बघतोय म्हणून थांबल्या. तरुणपणी शनिवारी मुलांना घेऊन त्या इथं माती मळायला यायच्या, असं त्यांनी सांगितलं. कुठला तुकडा त्यांचा, हे त्यांना आता ओळखता येत नव्हतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. मी मामासाठी मराठीत सांगत होते, पण त्याआधीच त्यानं दोन्ही हातांनी माती मळून दाखवली. बाई हसल्या आणि मान डोलावली.

मला कुणी म्हणेल, हे सगळं छान आहे, पण लोकांच्या हातून झालेली कला बहुतेकदा कच्ची असते. दहा जणांनी मिळून केलेल्या चित्रात इंद्रधनुष्य आणि एकमेकांत गुंफलेले हातच येतात. हा आक्षेप खरा आहे. तसली चित्रं मी इथल्या कित्येक शाळांवर आणि समाजमंदिरांवर पाहिली आहेत. ब्रिमचे शेतकरी कुठल्याही समितीला रंगवता आले नसते, ते एका माणसाच्या नजरेचं बळ आहे. मात्र बेनालाच्या म्युरलमध्ये वेळही गेलेला आहे, आणि त्यामागे माती कशी भाजायची हे पक्कं जाणणारी माणसं होती. दहा दिवसांच्या महोत्सवात गावकऱ्याच्या हाती ब्रश दिला तर इंद्रधनुष्यच येणार. त्याला दोन-तीन वर्षं जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करू दिलं तर तो कारागीर होतो. आमच्याकडे पेंटरच्या हाताखाली पोरगं आधी दोन वर्षं भिंती घासायचं, तेव्हा कुठं त्याच्या हाती ब्रश यायचा. त्या घासण्यातच त्याला भिंत कळायची.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. राज्याच्या किंवा स्थानिक कौन्सिलच्या पैशातून गावात एखादं मोठं चित्र होणार असेल, तर त्यातला काही हिस्सा पहिल्याच दिवशी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला काढावा. भिंतीची डागडुजी, ओलीचा बंदोबस्त, उन्हापासून जपणारा लेप, हे सगळं त्यात येतं. या देशाचं ऊन रंगाला माफ करत नाही. चित्रकारानं येताना गावातले दोन जण हाताखाली घ्यावेत, मजुरी देऊन, फोटोपुरते नव्हे. आणि दरवर्षी नवी भिंत शोधण्याऐवजी एखाद्या वर्षी जुन्याच भिंती दुरुस्त कराव्यात, त्यालाच महोत्सव म्हणावं. नव्या भिंतीचं उद्घाटन करता येतं, डागडुजीचं करता येत नाही. तिच्यासाठी पैसा मिळत नाही तो बहुधा एवढ्याच कारणानं. पाहुणे कमी होतील अशी भीती असेल तर ती मला पटत नाही. मी त्या दिवशी दहा-बारा भिंती पाहिल्या. पुन्हा जाईन ती त्या निळसर तुकड्यासाठी.

मामा परत गेल्यावर महिनाभरानं आमच्या भागातल्या स्टेशनखालच्या भुयारी वाटेत चित्र काढायचं ठरलं. रहिवाशांना एक अर्ज आला. तीन नमुने होते: एकात फुलं, एकात पक्षी, एकात वेगवेगळ्या देशांचे हसरे चेहरे. एकापुढे खूण करायची होती. रात्री मामाला फोनवर तिन्ही दाखवले. त्यानं चित्रांविषयी काही विचारलं नाही. पावसाळ्यात त्या वाटेत पाणी साचतं का, हे विचारलं. साचतं, घोट्याएवढं.

खालच्या 'इतर सूचना' या चौकटीत मी लिहिलं: आधी पाणी निघून जायची सोय करा. भिंत कोण तयार करणार, ते कळवा. शेजारच्या शाळेतली मोठी मुलं आणि आमच्या रस्त्यावरचे निवृत्त रंगारी यांना हाताखाली घेणार का, ते कळवा. पाचव्या वर्षी रंग सुटला तर कुणाला सांगायचं, त्याचा फोन नंबर चित्राच्या कोपऱ्यात, चित्रकाराच्या नावाखाली लिहा. नमुना नंतर निवडू.